सोनेरी रंगाच्या धातूचा तुकडा, एक

जपानमधल्या ओजिमा स्टेशनजवळच्या पोलीस चौकीत माझ्या वडिलांनी जमा केलेल्या वस्तूची नोंद अशी झाली: ‘सोनेरी रंगाच्या धातूचा तुकडा, एक.’ चौकीतल्या तरुण पोलिसाने आधी नुसतं ‘सोनं’ असं लिहिलं होतं. मग तो थांबला, त्याने तो कागद बाजूला ठेवला, नवा कागद घेतला आणि पहिल्यापासून सगळं पुन्हा लिहिलं. मी पुण्याच्या एका दैनिकात बातम्या तपासण्याचं काम केलेलं होतं. जेवढं माहीत आहे तेवढंच लिहायचं, हा नियम आम्हाला शिकवला जायचा. इतक्या निमूटपणे पाळलेला मी तो तिथेही क्वचित पाहिला.

तो तुकडा चौकीपर्यंत कसा पोचला, ते क्रमाने सांगते.

दोन हजार सालानंतर जपानमध्ये भारतीय संगणक अभियंत्यांची जी रीघ लागली, तिच्यात माझा नवरा होता. एका बँकेच्या प्रणालीचं काम होतं, मुदत दर वर्षी वाढत होती. आम्ही ओजिमाच्या सरकारी वसाहतीत नवव्या मजल्यावर राहत होतो. आई गेल्यानंतरच्या वर्षी वडील आमच्याकडे तीन महिन्यांच्या व्हिसावर आले. सप्टेंबर होता.

वडील सोनार. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बाजारपेठेत आमचं दुकान. येताना त्यांनी दोन सदरे, औषधं, माझ्यासाठी भाजणी आणि कापडी पिशवीत गुंडाळलेला कसोटीचा दगड आणला. भिंग मात्र दुकानातच राहिलं. दगड कशासाठी आणला, असं मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, “तो काय मागं ठेवायची वस्तू आहे?”

पहिल्या पंधरवड्यात त्यांना कंटाळा आला. टीव्ही कळत नव्हता, शेजाऱ्यांशी बोलता येत नव्हतं, लिफ्टमध्ये सगळे नमस्कारासारखं वाकून गप्प उभे राहत. ते सकाळी फिरायला जाऊ लागले. वसाहतीच्या पूर्वेला नदी आहे, तिच्या काठाने गवताचा पट्टा आहे. एके दिवशी परत येऊन ते चहा घेता घेता म्हणाले, “तुमच्याकडे एक म्हातारा रोज गवताला इस्त्री करतो.”

“इस्त्री?”

“लांब दांडा, खाली ताटली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. कानाला भोंगे. आज गवतातून दहा येनचं नाणं काढलं. मला दाखवलं. मी त्याला माझी अंगठी दाखवली. त्यानं इस्त्री अंगठीवर धरली, ती ओरडली. मग आम्ही दोघं हसलो.”

दुसऱ्या दिवशी मी बरोबर गेले. ते गृहस्थ आमच्याच वसाहतीतले निघाले. कचरा वेगळा करण्याच्या जागेवर मी त्यांना पाहिलं होतं. माझी चुकीच्या दिवशी ठेवलेली बाटली त्यांनी एकदा माझ्याच दारात आणून ठेवली होती. रेल्वेत रूळ तपासण्याचं काम करून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले. वडिलांना मी हे सांगितलं, तेव्हापासून ते त्यांना स्टेशनमास्तर म्हणू लागले. रूळ तपासणं वेगळं आणि स्टेशनमास्तर वेगळा, असं मी दोनदा सांगितलं. “रेल्वेतला माणूस म्हणजे स्टेशनमास्तर,” वडील म्हणाले.

स्टेशनमास्तर म्हणाले की काठावरचं गवत हा नुसता सराव. खरं काम यामानाशीच्या डोंगरात. तिथल्या एका नदीत सोन्याचे कण मिळतात, कधी लहानसा खडाही मिळतो. हौशी लोकांचा एक छोटा गट महिन्यातून एखाद्या रविवारी जातो. बाकीचे पाण्यात थाळी फिरवतात. धातू शोधणारं हे यंत्र एकट्या त्यांच्याकडेच आहे. वर्षभर फिरवतायत, अजून एकही खडा मिळालेला नाही.

मी भाषांतर केलं. वडिलांनी एकच प्रश्न विचारला. “ते सोनं कुणाचं?”

स्टेशनमास्तरांना प्रश्न समजला नाही असं मला आधी वाटलं. मग ते म्हणाले, “कुणाचंच नाही. डोंगराचं.”

त्या रात्री वडील आमच्याबरोबर जेवायला बसले. मग भात कालवताना म्हणाले, “मला जायचंय.”

“कुठं?” नवऱ्याने विचारलं.

“डोंगरात. जावईबापू, आमच्या दुकानात जे सोनं आलं ते सगळं कुणाच्या ना कुणाच्या अंगावरून उतरलेलं. सगळी मोड. बाई बांगडी मोडायला आणते, आपण वितळवतो, दुसरीची पाटली करतो. मुंबईहून शुद्ध सोन्याची कांडी आणायचो, तीही कुणाची तरी मोडच, फक्त लांबून आलेली. माझ्या वडिलांनी तेच केलं, मी तेच केलं. कुणाच्याच अंगावर न चढलेलं सोनं कसं असतं, ते एकदा बघायचंय.”

“तिकडे एक संग्रहालय आहे म्हणे, जुन्या खाणीचं,” नवरा म्हणाला. “काचेत ठेवलंय. आरामात बघता येईल.”

“काचेतलं नको. जमिनीतून हातानं उचलायचंय.”

माझ्या वडिलांनी मला आठवतं तेव्हापासून स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं. मी दुसऱ्या दिवशी स्टेशनमास्तरांच्या दारावरची घंटा वाजवली.

पहिल्या फेरीला आम्ही पहाटे त्यांच्या छोट्या व्हॅनमधून निघालो. नदी अरुंद होती, पाणी हिरवट आणि इतकं गार की हात बुडवून काढला तर बोटं दुखत. गटातली पाच-सहा माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून गोल थाळीत वाळू घोळवत होती. थाळी एका बाजूला कलवायची, पाण्याबरोबर हलकी वाळू जाऊ द्यायची, जड ते तळाशी राहतं. वडील काठावर उभे राहून पाहत होते.

“अगं, हे तर झारेकरी,” ते म्हणाले.

आमच्या पेठेत झारेकरी यायचे. सोनारांच्या दुकानांतला केर आणि गटारातला गाळ विकत घेऊन पाटीत धुवायचे आणि त्यातून सोन्याचा कीस काढायचे. वडिलांचा केर दर दिवाळीला एकाच कुटुंबाला जायचा. आता तोच हात, तेच मनगटाचं वळण, जपानच्या नदीत. त्यांनी बूट काढून पायजमा वर केला आणि एका निवृत्त शिक्षिकेच्या हातातली थाळी मागून घेतली. तिने बसलेल्या वाळूत त्यांना एक कण दाखवला, मोहरीच्या तुकड्याएवढा. वडिलांनी तो पाहिला, मान डोलावली आणि थाळी परत केली.

“हा कीस,” ते मला म्हणाले. “कीस मी रोज बघितलाय. उचलता येईल असं पाहिजे.”

मग यंत्राची पाळी आली. आवाज सगळ्यांना ऐकू यावा म्हणून स्टेशनमास्तरांनी हेडफोनची वायर काढली आणि यंत्र त्यांच्या हातात दिलं. यंत्र लगेच किंचाळू लागलं. स्टेशनमास्तरांनी ते बंद केलं, वडिलांचं घड्याळ काढायला सांगितलं. अंगठी काढली. खिशातली किल्ली काढली. पुन्हा सुरू केलं. वडील सरळ उभे असले की यंत्र शांत, वाकले की किंचाळायचं. बुटात खिळे आहेत का ते पाहिलं. सदऱ्याची बटणं प्लास्टिकची. स्टेशनमास्तरांनी माफी मागून त्यांच्या कमरेजवळून ताटली फिरवली आणि यंत्राने जो आवाज काढला त्याने पाण्यातले सगळे मागे वळले.

“त्यांना विचारा,” स्टेशनमास्तर मला हळूच म्हणाले, “शस्त्रक्रिया झाली आहे का. आत काही बसवलंय का.”

मी वडिलांना विचारलं. त्यांनी कमरेला हात लावला. “करदोडा,” ते म्हणाले.

चांदीचा करदोडा. लग्नाआधीपासून कमरेला. आंघोळीलाही न काढलेला. जपानीत करदोड्याला शब्द नाही. मी ‘कमरेचा चांदीचा दोर’ असं काहीतरी म्हटलं आणि का घालतात यावर आणखी विचारू नये अशी मनात प्रार्थना केली. स्टेशनमास्तरांनी विचारलंच. “मुलगा असतो म्हणून,” वडिलांनी उत्तर दिलं, आणि मी ते जसंच्या तसं सांगितलं. स्टेशनमास्तरांनी गंभीरपणे मान हलवली.

वडील एका मोठ्या दगडाआड गेले. परत आले तेव्हा मूठ बंद होती. करदोडा त्यांनी माझ्या हातात दिला. मी तो कोटाच्या खिशात ठेवला आणि त्यांच्याजवळ उभी राहिले, तर यंत्र माझ्यावर ओरडू लागलं. शेवटी तो जेवणाच्या डब्यात, थालीपिठांवर ठेवून डबा लांब झाडाखाली ठेवला. दिवसभरात मिळालं ते असं: पेयांच्या डब्यांची टोपणं, एक गंजलेला खिळा, मासेमारीच्या गळाचं शिसं.

दुसरी फेरी ऑक्टोबरात झाली. वडिलांनी या वेळी करदोडा घरीच काढून ठेवला होता. ते दिवसभर खडकांवर यंत्र फिरवत होते आणि स्टेशनमास्तर त्यांच्यामागे लहान पहार घेऊन चालत होते. सोनं जड असतं, पुरात ते खडकांच्या भेगांमध्ये जाऊन अडकतं, पाणी ओसरलं की भेगा उघड्या पडतात. त्या भेगांवरून ताटली हळू न्यायची. खणलेला प्रत्येक खड्डा बुजवूनच उठायचं, हा गटाचा नियम होता. वडिलांनी शिशाचे आणखी तुकडे जमवले. पण परतताना व्हॅनमध्ये ते मला म्हणाले, “लोखंड फाटल्यासारखं वाजतं. शिसं भरून वाजतं. आता मला कळायला लागलंय.”

“आणि सोनं?”

“ते अजून ऐकलं नाही ना.”

घरी नवरा म्हणाला, “बाबा, एवढं शिसं जमलंय, गळाचं दुकान काढू या.” वडील हसले. परतीचं तिकीट डिसेंबरच्या पहिल्या आठवड्याचं होतं. नोव्हेंबरातला रविवार हा शेवटचा. त्यानंतर वरच्या खोऱ्यात बर्फ पडतं आणि गट मार्चपर्यंत जात नाही.

त्या रविवारी पाणी खूप खाली गेलं होतं. वळणावर एरवी पाण्याखाली असणारा काळा खडक वर आला होता. स्टेशनमास्तरांनी आधी स्वतः त्यावरून यंत्र फिरवलं, काही नाही म्हणाले आणि वडिलांकडे दिलं. वडील त्याच खडकावरून पुन्हा गेले, अर्ध्या वेगाने. एका ठिकाणी थांबले. ताटली परत आणली. पुन्हा नेली.

“इथं आहे,” ते म्हणाले.

स्टेशनमास्तरांनी हेडफोन आपल्या कानाला लावले. ताटली फिरली. त्यांनी मान हलवली. काही ऐकू येत नाही. मी लावले. खूप वेळाने मला काहीतरी ऐकू आलं, आवाज म्हणावा असंही नाही, शांततेला कुणी बोट लावल्यासारखं. वडिलांचं सगळं आयुष्य दगडावर नाणं वाजवून ते खरं की खोटं ठरवण्यात गेलं होतं. सत्तरीच्या रूळ तपासणाऱ्याला जे ऐकू आलं नाही, ते अडुसष्ट वर्षांच्या सोनाराला आलं.

भेगेत खडी घट्ट बसलेली होती. स्टेशनमास्तरांनी पहारीने ती मोकळी केली, वडिलांनी बोटांनी काढून थाळीत टाकली. बोटाच्या दोन पेरांइतकं खोल गेल्यावर भेग मोकळी झाली आणि यंत्र भेगेवर गप्प झालं. आता ते थाळीवर बोलत होतं. वडिलांनी थाळी स्वतः घोळवली, झारेकऱ्यासारखी. खडी गेली, वाळू गेली, काळी रेती मागे सरकली आणि तुरीच्या डाळीएवढा पिवळा तुकडा जागेवरच राहिला. पाणी त्याला हलवत नव्हतं.

स्टेशनमास्तरांनी टोपी काढली आणि वाकून नमस्कार केला; वडिलांना की तुकड्याला, ते सांगता येणार नाही. पाण्यातले लोक काठावर आले, टाळ्या वाजल्या, शिक्षिकेने फोटो काढले. वडिलांनी तुकडा चिमटीत उचलला, तळव्यावर ठेवला, हात थोडा खालीवर केला. “साडेतीन गुंजा,” ते म्हणाले. एवढंच.

परतीच्या वाटेवर स्टेशनमास्तर सारखे बोलत होते. वर्षभरात यंत्राने काढलेला पहिला खडा. वडील खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, थकले.

घरी आल्यावर हातपाय धुऊन त्यांनी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कसोटीचा दगड मांडला. दिवा जवळ घेतला. माझ्या हातातली बांगडी मागितली, बावीस कॅरेटची, त्यांनीच घडवलेली. माझ्या कानांतल्या जपानी कुड्या मागितल्या. या देशात दागिने अठरा कॅरेटचे करतात, हे त्यांनी दुकानांच्या काचांमधून आधीच हेरून ठेवलं होतं. दगडावर बांगडीची रेघ ओढली, कुड्यांची ओढली, मग तुकड्याची. तुकड्याची पहिली रेघ बांगडीसारखीच चांगली पिवळी आली. तुकड्याची तीच बाजू त्यांनी पुन्हा जोर देऊन घासली. दुसरी रेघ फिकी. त्यांनी ती कुड्यांच्या रेघेशी ताडून पाहिली.

 मग तुकडा टेबलावर ठेवला.

“वर बावीसच्या आसपास, आत अठरा. वर रंग चढवलेला आहे.”

“म्हणजे?” मी विचारलं.

“म्हणजे दागिना. इथलाच. इथं अठराचाच करतात. कुणाची तरी अंगठी नाहीतर कुडी नदीत पडली, दगडांत घासून घासून आकार गेला.” त्यांनी चष्मा काढला. “हे कुणाचं तरी आहे.”

“बाबा, ते खडकाच्या भेगेत होतं.”

“भेगेतच जाणार. जड आहे.”

“पण स्टेशनमास्तर म्हणाले ना, खडा आहे म्हणून.”

“ते रेल्वेतले आहेत.” ते शांतपणे म्हणाले. “मोड रोज बघणारा मी आहे. इथं सापडलेली वस्तू कुठं देतात?”

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. “पोलीस चौकीत देतात. लोक छत्रीसुद्धा देतात. पण बाबा, नदीतला खडा घेऊन गेलो तर पोलीस हसतील.”

“हसू दे. हसण्यानं वजन घटत नाही.”

मी त्यांना एक दिवस थांबायला सांगितलं. ते थांबायला तयार नव्हते. दुकानात दुरुस्तीला आलेले, मालक परत न आलेले दागिने त्यांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या बांधून ठेवलेले मी लहानपणापासून पाहिले होते. एका नथीची मालकीण तर तिच्या नातवाच्या रूपाने परत आली होती. दुसऱ्याची वस्तू रात्रभर घरात ठेवायची तर ती दुकानात, तिजोरीत; मुलीच्या स्वयंपाकघरात नाही. त्यांचा चेहरा मात्र मला बघवत नव्हता. कुणीच न घातलेलं सोनं बघायला ते तीनदा डोंगरात गेले होते, आणि स्वतःच्याच दगडाने त्यांना सांगितलं होतं की हीही मोडच.

चौकी स्टेशनसमोरच होती. पोलीस पंचविशीचा असावा.

“कुठे सापडलं?”

“यामानाशीत. नदीत.”

“नदीच्या काठावर?”

“पात्रात. खडकाच्या भेगेत.”

त्याने लेखणी खाली ठेवली. “माफ करा. हे आपोआप तिथे असू शकतं ना? निसर्गाचं?”

मी वडिलांना सांगितलं. वडील म्हणाले, “त्याला सांग, मी सोनार आहे. हे घडवलेलं सोनं आहे असं माझं मत आहे. चूक असेन तर मालक सापडणार नाही, एवढंच.”

पोलिसाने आतल्या खोलीत जाऊन वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठ बाहेर आले, त्यांनी तुकडा पाहिला, वडिलांना पाहिलं आणि कागद पुढे करायला सांगितलं. तेव्हाचा नियम असा की सहा महिन्यांत मालक आला नाही तर वस्तू सापडणाऱ्याची. नोंद माझ्या पत्त्यावर झाली. बाहेर पडताना दोघेही वाकले. वडीलही वाकले, तीन महिन्यांत त्यांना ते चांगलं जमू लागलं होतं.

दोन दिवसांनी मी हे स्टेशनमास्तरांना सांगितलं. ते हसतील असं वाटलं होतं. ते घरी गेले आणि एक काचेची कुपी आणि स्वतःचं भिंग घेऊन आमच्या दारात उभे राहिले. कुपीत उत्तरेकडच्या होक्काइदो बेटावरचा सोन्याचा एक लहान खडा होता, मधोमध कापलेला; एका मित्राने अभ्यासासाठी कापून अर्धा त्यांना दिला होता. वडिलांनी भिंग डोळ्याला लावलं. मीही नंतर पाहिलं. कापलेल्या बाजूला आतला भाग फिका होता आणि कडेने पातळ, गडद पिवळी रेघ होती, पोळीच्या कडेसारखी.

“नदीचं सोनं असंच असतं,” स्टेशनमास्तर म्हणाले. “आत चांदी मिसळलेली असते. वरची चांदी पाणी खाऊन टाकतं. खूप, खूप काळ लागतो.”

वडिलांनी भिंग खाली ठेवलं नाही. “कुणी काही लावत नाही? सोरा, तुरटी?”

मी विचारलं. “काही नाही,” स्टेशनमास्तर म्हणाले. “पाणी आणि वेळ.”

दागिना घडून झाला की सोनार त्याला सोरा, तुरटी आणि मिठाच्या पाण्यात उकळतो. वरची भेसळ निघून जाते, वर नुसतं सोनं राहतं, रंग खुलतो. मी लहान असताना त्या उकळत्या भांड्याचा वास घरभर यायचा. वडिलांनी हे काम हजारो दागिन्यांवर केलं होतं.

“म्हणजे नदीनं उजळलं,” ते मला म्हणाले. हे मी भाषांतर केलं नाही. त्यांनी ते स्वतःशीच म्हटलं होतं.

“मग आता परत आणू या का?” मी म्हटलं. “मी चौकीत सांगते.”

“नाही.” त्यांनी कुपी स्टेशनमास्तरांच्या हातात परत दिली. “हे यांच्या खड्याचं झालं. आपला तुकडा मी भिंगातून बघितलेला नाही. आपला अजून दागिना असू शकतो. आणि दिलेली वस्तू मुदतीआधी मागायची नाही. मालक वाटेत असला तर?”

डिसेंबरात ते परत गेले. निरोपाला स्टेशनमास्तर विमानतळाच्या बसपर्यंत आले. वडिलांनी त्यांना शिशाच्या तुकड्यांतून ओतलेली एक लहानशी गोल चकती दिली, वर रेल्वेचं चाक कोरलेलं. ती त्यांनी आमच्या गॅसवर, माझ्या फोडणीच्या पळीत शिसं वितळवून केली होती. पळी मी टाकून दिली. कोणत्या दिवसाच्या कचऱ्यात, हे स्टेशनमास्तरांनाच विचारून.

मग दर रविवारी फोनवर आधी तब्येत, मग पाऊस, आणि शेवटी तोच प्रश्न: “आला का कुणी?”

“नाही बाबा.”

“बरं.” त्या ‘बरं’मध्ये दर आठवड्याला थोडी भर पडत होती.

मे महिन्यात पोलिसांचं पत्र आलं. मालक पुढे आला नाही. मी जाऊन सहीच्या जागी आमच्या नावाचा शिक्का मारला आणि छोट्या प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला तुकडा घेऊन आले. पाकिटावर चिठ्ठी होती, तीच ओळ: सोनेरी रंगाच्या धातूचा तुकडा, एक. त्याच महिन्यात आम्ही सुट्टीला गावी गेलो.

दुकानात शेजारच्या दुकानातले काका बसले होते, तेही सोनार, वडिलांचे शाळेपासूनचे मित्र. गोष्ट त्यांना तोंडपाठ झालेली होती. वडिलांनी पाकीट लगेच उघडलं नाही. आधी गादीवर बैठक मारली, पंखा बंद केला, पांढरा कागद पसरला. मग तुकडा कागदावर ठेवला आणि भिंग डोळ्याला लावलं. त्यांचं स्वतःचं भिंग, ज्याच्या पितळी कडेवर अंगठ्याने खड्डा पडलेला होता.

“एवढं काय बघताय,” काका म्हणाले. “मुशीत टाका. वितळला की बोलेल.”

“वितळला की काय बोलणार? वितळल्यावर सगळं सोनं एकच बोलतं.”

ते तुकडा चिमट्याने फिरवत राहिले. एका बाजूला थांबले. मला जवळ बोलावलं आणि भिंग दिलं. तुकड्याच्या एका खोलगटात पांढरा, अर्धपारदर्शक कण होता, खसखशीपेक्षा मोठा नसेल. सोनं त्याच्या भोवतीने गेलेलं होतं, वाकून, त्याच्या प्रत्येक कोपऱ्यात शिरून.

“गारगोटीचा कण,” वडील म्हणाले. “बघ त्याच्याभोवती. दागिन्यात खडा बसवायचा तर आपण आधी घर करतो. मग खडा ठेवतो, मग कडा दाबतो. कितीही नीट केलं तरी कुठेतरी फट राहते, हत्याराची खूण राहते. यात घर नाही. फट नाही. सोनं कणाभोवती वाढलंय. हे माणसाचं काम नाही.”

काकांनी भिंग घेतलं. बराच वेळ पाहिलं. त्यांनी पेठेत कधी कुणाचं काम सहजासहजी चांगलं म्हटलेलं नव्हतं. त्यांनी भिंग परत दिलं आणि म्हणाले, “नाही. माणसाचं नाही.”

वडिलांनी तुकडा काट्यावर ठेवला. साडेतीन गुंजा. काकांनी दोनदा पाहिलं. मग वडिलांनी तो कसोटीच्या पिशवीत टाकला, दगडाशेजारी, आणि पंखा लावला.

माझ्या सुट्टीत मी रोज दुपारी दुकानात बसायचे. बांगड्या मोडायला आलेल्या बायका, मंगळसूत्राचे मणी ओवून घ्यायला आलेल्या सुना. त्यांच्यातल्या एकीने उघड्या पिशवीत दगडाशेजारी पडलेला तुकडा पाहिला.

“हे काय हो, अण्णा? मोडीचं का?”

“नाही,” वडील म्हणाले. “मोडीचं नाही.”

“मग कुणाचं?”

त्यांनी तुकडा काढून तिच्या तळव्यावर ठेवला. “जपानच्या पोलिसांनी सहा महिने मालक शोधला,” ते म्हणाले. “मालक नव्हताच.”

तिने तो दिव्याकडे धरून पाहिला आणि परत दिला. मग आपली पाटली काढून त्यांच्यापुढे ठेवली, आणि वडिलांनी ती तोलायला घेतली.